मोहोरबंद राजवाडा

१८५६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात कमिशनर फोर्ब्स साहेब लष्करी शिपाई बरोबर घेऊन तंजावरच्या राजवाड्यात शिरले, आणि जेथे जेथे म्हणून दौलतीची चीजवस्त ठेवली होती तेथे तेथे कंपनी सरकारची मोहोर लावून त्यांनी पहारे बसविले. राजा शिवाजी, म्हणजे आपले छत्रपती नव्हेत, तर त्यांच्या सावत्र भावाच्या वंशातले अखेरचे राजे, यांना निवर्तून वर्ष पुरे व्हायला थोडेच दिवस उरले होते. जनानखान्यात त्यांच्या विधवा राण्या होत्या आणि बाहेरच्या चौकात गोऱ्या साहेबाची मोजदाद चालली होती. राज्य खालसा होणे ही गोष्ट त्या काळी नवलाची उरली नव्हती. सातारा, नागपूर, झाशी यांचा निकाल लागून गेलेला होता. परंतु येथे राज्याबरोबर घरही जप्त झाले, आणि घर कोणाचे व राज्य कोणाचे हा भेद विलायतेतल्या सर्वोच्च न्यायासनापुढे जाऊन भिडला, हे तंजावरचे वैशिष्ट्य होय. तंजावरचा राजवाडा आज अर्धामुर्धा उभा आहे. त्याचे हे अर्धेपण पाहावयाचे तर त्याच्या भिंतींइतकेच त्याच्या कागदपत्रांकडेही पाहावे लागते.

वाडे नाना तऱ्हांनी उजाड होतात. वेल्स प्रांतात सेंट डेव्हिड्स नावाचे एक चिमुकले क्षेत्र आहे. तेथे मध्ययुगीन बिशपांचा भव्य वाडा कमानींच्या ओळी मिरवीत आभाळाखाली उघडा पडला आहे. सोळाव्या शतकात तिथल्याच एका बिशपाने छपरावरचे शिसे उतरवून ते मुलींच्या लग्नांसाठी विकले अशी लोककथा त्या भागात सांगतात. कथा खरी असो वा खोटी, धन्याने आपल्याच हाताने घर मोडल्याची ती गोष्ट आहे. तंजावरचे तसे नाही. हे घर वारंवार नव्या धन्याच्या हाती गेले, प्रत्येक नव्या धन्याने ते बहुतेक तसेच वापरले, आणि अखेरच्या धन्यांना ते वापरण्याचे कारणच उरले नाही.

मुळात हा वाडा भोसल्यांचा नव्हे. विजयनगरच्या साम्राज्याचे मांडलिक असलेल्या नायक राजांनी सोळाव्या शतकात त्याचा आरंभ केला. शेवप्पा, अच्युतप्पा, रघुनाथ आणि विजयराघव अशा चार पिढ्यांनी कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या त्या भाताच्या कोठारावर राज्य केले. रघुनाथ नायक स्वतः तेलुगु कवी आणि संगीताचा मर्मज्ञ होता. त्याचा मंत्री गोविंद दीक्षित याच्या विद्वत्तेचा दबदबा तर आजही कुंभकोणम् परिसरात ऐकू येतो. वाड्याचे उंच गोपुरासारखे शस्त्रागार, मजल्यांवर मजले चढवीत वर निमुळते होत गेलेले, देवळाचे शिखर म्हणावे तर आत देव नाही आणि बुरूज म्हणावे तर बाहेर दरारा नाही असे, त्याच काळच्या कल्पनेतले आहे. मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने १६७३ साली तंजावरवर स्वारी केली तेव्हा म्हाताऱ्या विजयराघवाने जनानखान्याभोवती दारूचे ढीग रचविले आणि आपण रणात पडल्यावर त्यांना बत्ती द्यावी अशी आज्ञा केली, असे बखरी सांगतात. बखरकारास अग्निप्रलयाची हौस असते हे जमेस धरले, तरी राजा लढाईत पडला आणि त्याचे घराणे राज्यास मुकले एवढे निश्चित आहे.

मदुरेकरांच्या हातीही ते टिकले नाही. चोक्कनाथाने नेमलेला कारभारी त्याच्याशीच फटकून वागू लागला. नायक घराण्याचा एक वंशज हाती धरून काही मुत्सद्दी विजापूरच्या दरबारी गेले, आणि आदिलशहाने त्या पोरास गादीवर बसविण्यासाठी शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांस रवाना केले. व्यंकोजी आले, त्यांनी मदुरेकरांना हुसकावले, आणि मग स्वतःच तेथे राहिले. १६७६ च्या सुमारास तंजावरवर भोसल्यांचा अंमल बसला तो असा: दुसऱ्याला गादी मिळवून द्यायला गेलेल्या सरदाराने ती आपणच पत्करली. त्यास विश्वासघात म्हणावे की मुलूखगिरीची त्या काळची रीत म्हणावे, हा वाद इतिहासकारांनी घालावा. मला एवढेच वाटते, की पाहुणा म्हणून ज्या घरात पाऊल टाकले त्या घराची अंतर्रचना पाहुण्याने सहसा मोडली नाही. नायकांचा दरबार नायकांचाच राहिला. भोसल्यांनी आपल्यासाठी वेगळा दरबार उभा केला, चौक वाढविले, माड्या चढविल्या, आणि ज्या भागात घरची मंडळी राहत त्याला 'सदर महाल' हे नाव दिले. सदर हा शब्द तमिळ देशात मराठ्यांच्या पावलांनी गेला आणि तेथे रुळला.

पुढल्याच वर्षी थोरले बंधू दक्षिणदिग्विजयावर निघाले. शिवछत्रपती आणि व्यंकोजी यांची भेट कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडी येथे १६७७ साली झाली. वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा महाराजांनी मागितला, धाकट्यांना तो द्यावयाचा नव्हता, आणि एके रात्री ते छावणीतून निघून नदी ओलांडून तंजावरास पळाले. महाराजांना याचे दुःख झाले, पण त्यांनी भावास पकडण्यासाठी तंजावरवर फौज घातली नाही. पुढे समेट झाला, त्यात व्यंकोजींची पत्नी दीपाबाई हिच्या शहाणपणाचा वाटा मोठा होता. मराठी बखरींतून हा प्रसंग नेहमी थोरल्याच्या बाजूने सांगितला जातो. तंजावरच्या बाजूने पाहिले तर तो एका धाकट्या भावाच्या स्वतंत्र बाण्याचा आरंभ होता, आणि हाच व्यंकोजी तेलुगु भाषेत द्विपद रामायण रचीत बसला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात नसते.

तंजावरचे भोसले रायगडापासून जसजसे दूर गेले तसतसे ते तमिळ-तेलुगु सारस्वताच्या अधिक जवळ आले. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी १६९३ साली कावेरीकाठचे तिरुविसनल्लूर हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याचे नाव शहाजीराजपुरम् पडले. नाटके तेलुगूत, शास्त्रचर्चा संस्कृतात, हिशेब व हुकूम मोडीत, आणि रयतेशी बोलणे तमिळात, असा चार भाषांचा कारभार त्या चौकांतून रोज चाले. एका राजवाड्यात एवढ्या भाषा सुखाने नांदल्याची उदाहरणे आपल्या देशात थोडीच असतील.

अठराव्या शतकाचा मधला भाग मात्र सुखाचा नव्हता. १७३६ ते १७३९ या तीन वर्षांत गादीवर माणसे बसत आणि उतरविली जात. त्या धांदलीचा हिशेब ठेवणाऱ्या चिटणिसांची मला कीव येते. प्रतापसिंहांनी १७३९ पासून गादी सावरली, पण त्याच काळात समुद्रकाठी इंग्रज आणि फ्रेंच यांचे वैर पेटले होते. कावेरीच्या मुखाशी बसलेल्या राजास दोघांच्याही नजरेबाहेर राहणे अशक्य होते. प्रतापसिंहांचे पुत्र तुळजाजी यांच्या कारकीर्दीत अर्काटचा नवाब महंमद अली याने कंपनीच्या पलटणींसह तंजावर घेतले, आणि १७७३ पासून तीन वर्षे तुळजाजी आपल्याच वाड्यात कैदी होऊन राहिले. नवाब कर्जात बुडालेला, कर्जे देणारे कंपनीचे नोकर, आणि कर्जाची हमी तंजावरच्या उभ्या पिकाची, असा तो विलक्षण व्यवहार होता. १७७६ साली मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगॉट याने स्वतः येऊन तुळजाजींना गादी परत दिली. त्याच वर्षी त्याच्याच कौन्सिलातील विरोधकांनी त्यास अटक केली आणि पुढल्या वर्षी तो कैदेतच मेला. तंजावरच्या पिकावर हक्क सांगणाऱ्यांत पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचा एक नोकर होता. पगार बेताचा असलेला माणूस लाखोंची कर्जे देऊ कसा शकतो, या प्रश्नावर पुढे विलायतेच्या पार्लमेंटात एडमंड बर्क याने आपले वक्तृत्व खर्ची घातले.

तुळजाजींच्या दरबारी या सुमारास एक वेगळाच गोरा मनुष्य ये-जा करीत असे. ख्रिस्तियन फ्रेडरिख श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी १७५० साली तरंगंबाडीच्या डॅनिश वखारीत उतरला आणि १७७८ पासून तंजावरला स्थायिक झाला. तो तमिळ उत्तम बोले, मराठीही त्याला येत असे. सर्वांस त्याचा भरवसा वाटे. लोकांचा विश्वास राजाच्या अधिकाऱ्यांपेक्षा या पाद्र्यावर अधिक आहे असे कंपनीच्या अंमलदारांनाही वाटे, आणि राजालाही. मरणापूर्वी, १७८७ साली, तुळजाजींनी भोसले कुळातील दहा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव सरफोजी ठेवले आणि त्याचा हात श्वार्ट्झच्या हातात दिला. पुत्र हयात नाही, भाऊ महत्त्वाकांक्षी, आणि घरचे सगळेच संशयास्पद अशा परिस्थितीत एका परधर्मी उपदेशकाच्या हातात पोराचा हात देणारा तो राजा काय विचार करीत होता हे कोणीही कल्पून पाहावे.

त्यापुढे दत्तविधानाचे जे वळण घडले ते धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावे असे आहे. तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांनी हक्क सांगितला, कंपनीने पंडितांचे मत घेतले, आणि दत्तविधान अशास्त्र ठरून १७८७ मध्ये अमरसिंह गादीवर आले. मुलगा वाड्यातच राहिला, पण नजरकैदेसारख्या अवस्थेत. १७९३ साली श्वार्ट्झने त्यास मद्रासला नेले. तेथे तो इंग्रजी, गणित, भूगोल शिकला. दरम्यान काशीच्या पंडितांकडे प्रश्न गेला आणि त्यांनी दत्तविधान शास्त्रशुद्ध असल्याचा निर्णय दिला. तोच धर्मशास्त्राचा ग्रंथसंभार, तीच वचने, आणि मध्ये अकरा वर्षे गेल्यावर निकाल उलट. शास्त्राचा अर्थ बदलत नसेल, पण शास्त्र विचारणाऱ्याची निकड बदलते. अमरसिंह पायउतार होऊन तिरुविडैमरुदूर येथे राहावयास गेले, आणि २९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. श्वार्ट्झ त्याच वर्षीच्या १३ फेब्रुवारीला मरण पावला होता. त्याला तो दिवस पाहायला मिळाला नाही.

सरफोजींनी त्याच्या स्मरणार्थ लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून आणले. ते बृहदीश्वराच्या देवळाजवळच्या धाकट्या किल्ल्यात, श्वार्ट्झनेच १७७९ मध्ये बांधविलेल्या चर्चमध्ये आहे. पाद्री पलंगावर पडला आहे, उशाशी दुसरा पाद्री उभा आहे, पायथ्याशी शाळेतील मुले आहेत, आणि बाजूला राजा त्याचा हात धरून उभा आहे. इंग्लंडातील कारागिराने तंजावरच्या राजाची पगडी आणि अंगरखा कोणा चित्रावरून कोरला असेल तो असो. हाताची पकड मात्र त्याला साधली आहे. राजाने मृत्युलेखासाठी इंग्रजीत ओळी रचल्या, आणि एका हिंदू राजाने ख्रिस्ती उपदेशकावर रचलेला तो शोक पाहून विलायतेतील भाविकांना फार समाधान वाटले. राजाने आपला धर्म सोडला नव्हता. तो काशीयात्रेस गेला तेव्हा १८२० साली बरोबर सुमारे ३,००० माणसांचा लवाजमा होता. श्वार्ट्झवर त्याची माया होती एवढेच खरे.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण सरफोजींना जे राज्य मिळाले ते कोणते? २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने दिवाणी, फौजदारी, वसूल, सारे कंपनीकडे गेले. राजाकडे उरला तो तंजावरचा किल्ला, त्यातला राजवाडा, दरसालच्या १ लाख होनांचा भत्ता आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. कोळ्ळिडमपासून समुद्रापर्यंत पसरलेले राज्य खंदकाच्या आत येऊन थांबले. अशा अवस्थेत दुसरा कोणी राजा असता तर शिकार, नाचगाणे आणि कर्ज यांतच आयुष्य सरले असते, आणि तशी उदाहरणे त्या काळी घरोघरी होती. सरफोजींनी मात्र त्या आवाराला राज्य मानले आणि त्याचा कारभार मांडला.

वाड्यात त्यांनी देवनागरी अक्षरांचा छापखाना १८०५ च्या सुमारास काढला. त्यास 'नवविद्याकलानिधि' हे भारदस्त नाव होते, आणि त्यातून ईसापच्या नीतिकथांचे मराठी रूपांतर 'बालबोध मुक्तावली' छापून निघाले. पुण्यात मराठी पुस्तके छापण्याची कल्पना कोणाच्या मनी नव्हती त्या काळी कावेरीकाठी मराठी खिळे जुळविले जात होते, ही गोष्ट पुणेकरांना सहसा रुचत नाही. धन्वंतरी महाल या नावाने वैद्यक शाखा होती. तेथे देशी वैद्य आणि विलायती डॉक्टर दोघेही काम करीत. नेत्ररोग्यांच्या प्रकृतीची टिपणे ठेवीत आणि एकेका रोग्याचे डोळे चित्रकाराकडून रंगवून घेत. बुबुळावरचा पांढरा पडदा, लाल झालेली कड, डोळ्याखालची सूज ही सारी चित्रकाराने मोठ्या निगुतीने उतरविली आहे. कोणत्याही दरबारी चित्रकाराने एरवी राजाचे डोळे काढावेत; येथे कोणा गरिबाचे मोतीबिंदू झालेले डोळे त्याच कुंचल्याने काढले गेले.

ग्रंथांचे वेड मात्र सर्वांहून मोठे. नायकांच्या काळापासून वाड्यात पोथ्यांचा साठा होताच. सरफोजींनी काशीच्या यात्रेत आणि एरवीही ठिकठिकाणी पंडित पाठवून हस्तलिखिते मिळविली, नक्कला करविल्या, आणि इंग्रजी, फ्रेंच, जर्मन ग्रंथ मागवून त्यांवर आपल्या हाताने इंग्रजीत सही केली. ताडपत्रांच्या शेजारी शारीरशास्त्राची विलायती पुस्तके आणि मनुष्याचा चेहरा पशूंच्या चेहऱ्याशी ताडून पाहणारी फ्रेंच चित्रे आली. बृहदीश्वराच्या प्राकारावर त्यांनी १८०३ साली भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. चिटणीस बाबूराव याने ते लिहिले, आणि अक्षरे देवनागरी. चोळांच्या तमिळ शिलालेखांनी भरलेल्या त्या देवळात फिरताना अकस्मात हात लावता येतील अशा उंचीवर मराठी वाक्ये सुरू होतात, पल्ल्यामागून पल्ला भिंत संपेपर्यंत चालतात, आणि वाचणाऱ्याला शहाजी, शिवाजी, व्यंकोजी ही नावे चुन्याच्या डागांतून उचलून घ्यावी लागतात. घरातल्या भिंतीवर लिहावे तसे त्यांनी ते देवळाच्या भिंतीवर लिहविले. एवढा लांब मराठी शिलालेख दुसरा नाही.

कंपनीशी त्यांनी शहाणपणाने निभावून घेतले, कधी कधी अंमळ जास्तच. बोनापार्टवर इंग्रजांना जय मिळाला म्हणून १८१४-१५ साली समुद्रकाठी एक बहुमजली बुरूज बांधविला. आजही तमिळ लोक त्यास 'मनोरा' म्हणतात, आणि हा शब्द आपला आहे हे त्यांतील पुष्कळांना ठाऊक नसते.

१८२६ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आला. साऱ्या हिंदुस्थानातल्या अँग्लिकन चर्चचा तो मुख्य असल्याने त्याचा प्रवासही राजेशाही थाटाचा होता. ईस्टरच्या दिवशी त्याने श्वार्ट्झच्या चर्चमध्ये प्रवचन केले, आणि नंतर राजवाड्यात जाऊन राजाची भेट घेतली. लाव्हाझिये, लिनिअस, ब्यूफाँ यांचे हवाले देणारा, शेक्सपिअरच्या काव्याची बायरनपेक्षाही अचूक पारख असणारा आणि बंदूकही अचूक चालवणारा हा राजा पाहून बिशप थक्क झाला, आणि त्याची वागणूक पुष्कळ मुकुटधाऱ्यांहून अधिक राजास शोभेशी असल्याचे त्याने मित्राला कळविले. ३ एप्रिलला तिरुचिरापल्ली येथे स्नानास गेला असता बिशप मृत्यू पावला. सरफोजी त्यानंतर सहा वर्षे जगले. १८३२ साली ते वारले, तेव्हा त्यांचे एकुलते पुत्र शिवाजी गादीवर आले.

शिवाजी राजांना पुत्र नव्हता. राण्या अनेक होत्या, कन्या होत्या; औरस पुत्र झाला नाही आणि दत्तक घेतलेला नव्हता. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी ते निवर्तले. डलहौसी साहेबाच्या राज्यात वारस नसलेले संस्थान म्हणजे पिकलेले फळ. तरी येथे संस्थान नावापुरतेच होते, वसूल पूर्वीच कंपनीकडे गेला होता, आता हिरावण्यासारखे उरले काय तर पेन्शन आणि वाडा. दोन्ही गेली. राज्य गेले हे राण्यांना कदाचित कळण्याजोगे होते. पण जामदारखान्यातली सासऱ्याची, पतीची व आपली खासगी चीजवस्तही मोहोरबंद का व्हावी, हे कोणाला कळणार?

थोरल्या राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. मद्रासचे वकील जॉन ब्रूस नॉर्टन यांच्यामार्फत त्यांनी कंपनीविरुद्ध मद्रासच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद केली, आणि कोर्टाने राणीच्या बाजूने निकाल दिला. कंपनीने प्रिव्ही कौन्सिलात अपील केले. १८५७ च्या बंडाने कंपनीच बुडून तिच्या जागी राणी सरकार आले, तरी खटला चालूच राहिला. आता बाजू लढवीत होता तो राणी सरकारचा सेक्रेटरी ऑफ स्टेट. १८५९ साली लॉर्ड किंग्सडाउन यांनी निकाल दिला. या मालमत्तेवर सरकारचा कायदेशीर हक्क कागदोपत्री कोठे दिसत नाही असे त्यांनी कबूल केले, आणि तरीही ही जप्ती एका सार्वभौम सत्तेने दुसऱ्या राजावर केलेली राज्यकृति असल्याने कोणत्याही कोर्टास तिची चौकशी करण्याचा अधिकार पोचत नाही असे ठरविले. अन्याय झाला असेल तर तो दूर करणे सरकारच्या मर्जीचे काम. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकविला जातो. फिर्यादीचे नाव उच्चारताना ते अडखळतात, त्यात त्यांचा दोष नाही.

सरकारला पुढे उपरती झाली म्हणा, की गाजावाजाची भीती वाटली म्हणा, १८६२ मध्ये खासगी मालमत्ता राण्यांना परत देण्याचा हुकूम निघाला. मोहोरा तुटल्या. आत ठेवलेले सामान मात्र आता एका राजाचे राहिले नव्हते; ते अनेक विधवांचे होते, आणि त्यांचे आपसांतले हक्क किती व कोणाचे हा नवा प्रश्न उभा राहिला. १८६८ च्या सुमारास राणी जिजाईअंबाबाई विरुद्ध कामाक्षीबाई असा खटला मद्रास हायकोर्टात गेला. सासू-सून, सवत-सवत, दत्तक-वारस असे वाद या घराण्यात नंतरही वर्षानुवर्षे चालू राहिले. मोठमोठ्या घराण्यांचा ऱ्हास बहुधा असाच होतो, आणि तो होत असता वाड्याची देखभाल कोणी करीत नाही. चौकांत गवत वाढले, माड्यांचे वरचे मजले पडले, आणि गच्च्यांवरचा चुना पावसाळ्यागणिक झिरपत राहिला.

पोथ्यांना मात्र कोणी हात लावला नाही. सोन्याचांदीच्या मानाने त्यांची किंमत सरकारने धरली नसावी, आणि राण्यांच्या भांडणातही पोथ्यांवर फारशी झोंबाझोंबी झालेली दिसत नाही. तंजावरचे न्यायाधीश बर्नेल हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी तेथील संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची करून १८८० मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा वाड्यात काय आहे हे युरोपातील विद्वानांना कळले. १९१८ साली घराण्याच्या संमतीने तो ग्रंथसंग्रह सरकारी हुकुमाने सर्वांसाठी खुला झाला, आणि त्यास सरफोजींचेच नाव देण्यात आले. मराठी हस्तलिखिते तेथे हजारोंनी आहेत, आणि मोडीतील दप्तरांचे रुमाल निराळेच.

आज नायकांच्या दरबारात १९५१ पासून कलादालन आहे. चोळकाळच्या पंचधातूच्या नटराज-पार्वतींच्या मध्ये सरफोजींचा पांढऱ्या संगमरवराचा पूर्णाकृती पुतळा हात जोडून उभा आहे. शस्त्रागाराच्या गोपुरात १९५५ साली तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर लागलेल्या ९२ फुटी देवमाशाचा सांगाडा आणून ठेवला आहे, म्हणजे जेथे भाले-बरच्या ठेवल्या त्या जागी आता बरगड्या आहेत. सदर महालात घराण्याचे वंशज राहतात. उरलेल्या दालनांत कचेऱ्या आहेत. आणि ग्रंथसंग्रहाच्या दाराशी, ज्या आवारातल्या दारांवर फोर्ब्स साहेबाने मोहोरा लावल्या त्याच आवारात, वाचनालय किती वाजता उघडते आणि किती वाजता बंद होते याची पाटी लावलेली आहे.